एकशे चाळीस पावलं

हे सगळं घडलं ते २०२४ साली. आदल्या वर्षी पाऊस तोकडा झाला होता. मे महिन्यात धरणाचं पाणी इतकं खाली गेलं, की तेवीस वर्षांपूर्वी बुडालेली आमची खोरवाडी वर आली. वर आली म्हणजे मारुतीच्या देवळाचं जोतं आणि विहिरीचा दगडी कठडा, एवढंच. बाकी जिकडे पाहावं तिकडे भेगाळलेला राखाडी गाळ.

त्या गाळाखाली कुठेतरी माझ्या थोरल्या जावेची मुलगी होती.

खोरवाडी वेल्हे तालुक्यातली, राजगडाच्या आडोशाची, वीस-बावीस घरांची वाडी. १९७३ साली मी तिथे सून म्हणून आले. डोंगराआड पासलीच्या बाजूला शाळेत मला मास्तरकी होती, त्यामुळे पहाटेच निघावं लागायचं. घरचं पाणी, शेण, चूल सगळं थोरल्या जाऊबाई, चंद्राबाई, बघायच्या. मी त्यांना आक्का म्हणायची. त्या मला चिडवायच्या, "मास्तरीणबाई, तुजं डोस्कं पुस्तकाला, माजं हंड्याला." आणि हसून चुंबळ डोक्यावर ठेवायच्या. दिवसाला आठ खेपा. त्यातल्या चार माझ्या वाट्याच्या होत्या, पण तशी वाटणी कुणी कधी बोलून दाखवली नाही.

१९७७च्या श्रावणात त्यांच्या अंबूला जुलाब लागले. दीड वर्षाची होती. ओढ्याला पूर, वेल्ह्याला न्यायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का पाण्याला गेल्या. मी शाळेत होते, दाजी, म्हणजे आक्कांचे मालक रखमाजी, भाताच्या चिखलणीला. आक्का परत आल्या तेव्हा अंबू गार पडली होती. आमच्याकडे लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. घराच्या मागे करंजाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी दाजींनी खड्डा काढला. वर एक चपटा दगड ठेवला.

२००१ साली वाडी उठवली. भोर तालुक्यात भोंगवलीच्या अलीकडे माळावर आम्हाला प्लॉट मिळाले. लोकांनी कौलं काढली, वासे काढले, जोत्याचे दगडसुद्धा उपसून नेले, कारण नव्या जागी दगडालाही पैसे पडणार होते. झाडं ठेकेदाराने तोडली. मारुतीची मूर्ती वाजतगाजत नेली. भोरच्या लतीफभाईंचा टेम्पो महिनाभर ये-जा करत होता. शेवटच्या खेपेला आक्का टेम्पोत चढायच्या आधी घरामागे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. लतीफभाईंनी दोनदा हॉर्न वाजवला. मग मी त्यांना आणायला गेले. तो चपटा दगड त्यांनी उचलून घेतला होता. तोही टेम्पोत चढला आणि पुढे नव्या घराच्या पायात गेला. गवंड्याने विचारलं नाही, आणि आक्का त्या दिवशी दवाखान्यात होत्या.

२०२३च्या पावसाळ्यानंतर आक्कांच्या पोटात पाणी व्हायला लागलं. डॉक्टरांनी हनुमंताला, म्हणजे त्यांच्या मुलाला, बाहेर बोलावून सांगितलं की आता महिने मोजायचे. हनुमंत अंबूनंतर झालेला. त्याने बहिणीला पाहिलेलं नाही. आमची घरं शेजारी शेजारी, मधे फक्त गोठा. मी रोज दुपारी आक्कांजवळ बसायची.

एक दिवस त्या म्हणाल्या, "रतन, माज्या कपाळाला कुकू न्हाई. तवा म्या गेल्यावर माजी वटी कुनी भरायचं न्हाई, ही आपली रीत. मला म्हाईत हाय. पर अंबूच्या तिथली मूठभर माती घाला वटीत. तेवढ्यानं भरली म्हनीन म्या."

हनुमंत दारात दाढी करत होता. तो म्हणाला, "आई, आता धरणात बुडी मारू का काय मी?"

"मार की. पवाया शिकिवलंय तुला."

"वीस पुरुष पाणी हाय तिथं."

"उनाळ्यात न्हाई ऱ्हात. औंदा पाऊस कुठं झालाय?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "जागा तेवढी काढून ठिव, रतन. तू शिकलेली हायेस."

जागा काढायची कशी? घर नाही, जोतं नाही, झाड नाही. दोन दगडी खुणा उरल्या होत्या, देऊळ आणि विहीर. आणि एका म्हातारीची आठवण, जी अंथरुणावरून उठू शकत नव्हती.

नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला भोरला गेले. पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत आहोत असं यंत्रावर अंगठा टेकवून सांगावं लागतं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत नुजहतचं दुकान आहे. ही लतीफभाईंची मुलगी, वाडी उठल्यावर माझी बदली झाली त्या भोरच्या शाळेत चार वर्षं माझ्या वर्गात होती. दुकानाच्या पुढच्या बाजूला ती अर्ज भरायची, झेरॉक्स काढायची आणि मागच्या खोलीत मुलींना कॉम्प्युटर शिकवायची. माझा अंगठा यंत्र काही केल्या घेईना.

"बाई, खडूनं घासली तुमची बोटं," ती म्हणाली. "मशीन म्हणतंय, तुम्ही नाहीच आहात."

"मशीनला म्हणावं, थोडं थांब. घाई नको."

ती हसली आणि बोटाला लावायला खोबरेल आणते म्हणून आत गेली. मीही मागोमाग गेले. दिवाळीच्या सुट्टीत चार मुली खेळ तयार करायला शिकत होत्या. एकीने भिंत ठेवली होती ती अर्धी जमिनीत रुतली होती. नुजहत तिला सांगत होती, "वस्तूची जागा तीन आकड्यांनी ठरते. पहिला उजवी-डावीकडे, दुसरा उंचीचा, तिसरा पुढे-मागे. पण आपण जे आकडे देतो ती वस्तूच्या मधोमधची जागा असते. तू उंची शून्य दिलीस, म्हणून भिंतीचा मध्य जमिनीवर आला आणि अर्धी भिंत खाली गेली. भिंत दहा फूट उंच, तर उंचीचा आकडा पाच दे."

मुलीने पाच दिला. भिंत वर आली आणि जमिनीवर नीट उभी राहिली.

मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण आकडा बदलला की भिंत उठते हे कधी पाहिलं नव्हतं. मी नुजहतला म्हटलं, "मला शिकव हे."

"खेळ करायचाय, बाई?"

"खेळ नको. एक घर ठेवायचंय. नेमकं जिथं होतं तिथं."

मग तिला सगळं सांगितलं. तिने खोबरेलाची बाटली हातातच धरून ऐकलं. अब्बांनी त्या वाडीचे दगड वाहिले हे तिला माहीत होतं. "मंगळवारी आणि शुक्रवारी या," एवढंच म्हणाली.

सगळा हिवाळा मी एसटीने भोरला जात राहिले. माउस हातात धरला की माझा हात भलतीकडे पळायचा. पहिल्या दिवशी मीसुद्धा शून्य उंची दिली आणि आमचं अख्खं घर कमरेपर्यंत जमिनीत गेलं. मला वाडीचा शेवटचा पावसाळा आठवला. पाणी चढत होतं तेव्हा उरलेल्या भिंती अशाच दिसत होत्या. नुजहतने पटकन आकडा बदलला. पुढच्या मंगळवारपासून ती चहा आणून ठेवायची, मी यायच्या आधीच.

हळूहळू हिशेब कळला. देवळाचं जोतं म्हणजे शून्य, शून्य, शून्य. सगळं तिथून मोजायचं. एक आकडा म्हणजे एक फूट. तलाठ्याकडून जुन्या गावनकाशाची प्रत काढली. त्यात घरं नव्हती, पण देऊळ, विहीर आणि ओढा होता. विहीर देवळापासून पूर्वेला नव्वद फूट आणि उत्तरेला एकशे वीस. म्हणजे सरळ अंतर दीडशे. तीन-चार-पाचचा जुना त्रिकोण. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली, आणि मुली माझ्याकडे बघून खुदकन हसल्या.

घराची दिशा मला पक्की ठाऊक होती. आमच्या उंबऱ्यात उभं राहिलं की विहीर आणि देवळाचा कळस एका ओळीत दिसायचे. विहिरीवर कोण आलंय ते कळसाच्या खाली दिसायचं. नुजहतला हे सांगितल्यावर ती खूश झाली.

"मग सोपं आहे, बाई. देवळापासून विहिरीपर्यंतचा एक बाण समजा. याला व्हेक्टर म्हणतात. बाणाची लांबी एक फूट करा, दिशा तीच ठेवा. आता विहिरीपासून घर जितकं लांब असेल तितक्यानं त्याला गुणा आणि विहिरीच्या जागेत मिळवा. घर सापडलं. अंतर तेवढं सांगा."

अंतर मला माहीत नव्हतं. मी कधी मोजलंच नव्हतं. त्या दुपारी आक्कांना विचारलं.

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "हिरीपासनं दारापातूर एकशे चाळीस पावलं."

"नक्की, आक्का?"

"नक्की म्हंजी? म्या मोजलीत. अंबू दुखण्यात व्हती तवा लेकरू घरात एकलं टाकून जायाची म्या. यीपातूर जीव ऱ्हायचा न्हाई. किती ऱ्हायली, किती ऱ्हायली, आसं मोजीत यायाची. पुढं सवंच लागली. वाडी उठंस्तवर मोजीतच व्हते."

मी घरी येऊन अंगणात टेप पसरला आणि दहा पावलं चालले. बरोबर वीस फूट. आक्का माझ्यापेक्षा बोटभर उंच, तेव्हा त्यांचं पाऊलही दोन फूट धरायला हरकत नव्हती. एकशे चाळीस दुणे दोनशे ऐंशी.

शुक्रवारी नुजहतने आकडा टाकला. घर ओढ्यात जाऊन पडलं.

"बाई, हे असं कसं?" ती म्हणाली. "ओढा नकाशावरून काढलाय. घर ओढ्यात नसेल ना?"

"नव्हतं. घरामागे करंज, मग परडं, मग ओढा."

"मग काय सरकवायचं? घर की ओढा?"

मी थोडा वेळ त्या नकाशाकडे पाहिलं. शंभर वर्षांपूर्वी कुणी साखळी ओढून काढला असेल. ओढे जागा बदलतात. नकाशे कारकून काढतात. इकडे एक बाई चोवीस वर्षं रोज ती वाट मोजत चालली होती.

"ओढा सरकव," मी म्हटलं. "नकाशापेक्षा आक्कांचे पाय खरे."

नुजहतने ओढा साठ-सत्तर फूट मागे नेला. घर मोकळं झालं, परडं आलं. सगळं होतं तसं दिसायला लागलं.

मार्चमध्ये नुजहत लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. हनुमंताने आक्कांना उशा लावून बसवलं. पडद्यावर सकाळचं ऊन होतं, देऊळ होतं, विहीर, आमचं कौलारू घर. माणूस नव्हतं एकही. आक्कांनी डोळे बारीक करून एकेक वस्तू पाहिली.

मग म्हणाल्या, "कौलं लई नवी हायती."

"जुनी करते, आजी," नुजहत म्हणाली.

"नगं. ऱ्हाऊं दे. आमी कधी नवी घातलीच न्हाईत." मग पुन्हा निरखून, "हीर लई लांब दिसती गं, रतन."

मी हसले. "दिवसाला आठ खेपा घालत होतात तेव्हा नाही लांब वाटली?"

"तवा तर वाटायचीच," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आलं.

नुजहतने घराच्या मागे नेलं. परडं मोकळं होतं. तिने एक झाड तिथे आणलं आणि माउसने सरकवत गेली. आक्का बोलत होत्या, "हिकडं. आजून. न्हाई, पाठीमागं. म्होरं न्हाई गं बाय, पाठीमागं. हां. आता जरासं डाव्या अंगाला." झाड एका जागी आलं आणि आक्कांनी काचेवरच बोट ठेवलं. बोट काढेनात. पोटातल्या पाण्याने त्यांना बसवत नव्हतं, धाप लागली होती, तरी बोट तिथेच.

"हितं."

नुजहतने झाडाच्या बुडाचे तीन आकडे वाचून दाखवले. दोनशे अडतीस, शून्य, तीनशे चौऱ्याहत्तर. मी ते पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

"आकडं झालं तिचं," आक्का म्हणाल्या. "बरं झालं. नाव तर कुटंच लिवलं न्हवतं."

हनुमंत उठून बाहेर गेला.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पासलीकडच्या एका ओळखीच्याचा फोन आला की जोतं उघडं पडलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी लतीफभाई टेम्पो घेऊन आले. आता टेम्पोही तो जुना नव्हता आणि तेही तसे राहिले नव्हते. गुडघा धरून खाली उतरले.

"बाई, त्या गावचं दगड म्या वाहिलं. आता मातीबी मीच वाहनार," ते म्हणाले. पैशाचं नाव काढू दिलं नाही.

धरणाच्या कडेला टेम्पो उभा केला आणि आम्ही गाळात उतरलो. वरची कातडी वाळली होती, पाय टाकला की मोडायची आणि खाली मऊ लागायचं. मेलेल्या शिंपल्यांचा वास येत होता. वाडीत पोचलो, पण पोचलो असं वाटेना. मी जिथे अठ्ठावीस वर्षं काढली तिथे उभी होते आणि मला डावं-उजवं कळत नव्हतं. एका बाजूला राजगड दिसत होता, तेवढाच ओळखीचा.

जोत्याच्या दोन कडा दोन दिशा दाखवत होत्या. एक कड लांबवली की पहिला आकडा, दुसरी लांबवली की तिसरा. लतीफभाईंनी जोत्याशी टेपचं टोक धरलं, हनुमंताने दोरी ताणली, मी पंचांगाचं पान धरलं. आधी घराच्या उंबऱ्याची जागा काढली. तिथे उभी राहून मागे पाहिलं. विहीर आणि जोतं अगदी एका ओळीत.

"बरोबर आहे," मी मोठ्याने म्हटलं. "हनुमंता, बरोबर आहे रे!"

मग करंजाची जागा. हनुमंताने खणायला सुरुवात केली. गाळ तीन-साडेतीन फूट होता. उन्हाने त्याचा सदरा अंगाला चिकटला. एकदम तो ओरडला, "काकी, तांबडी लागली!"

खाली आमच्या वाडीची तांबडी माती होती. तो थांबला, वाकून हाताने उकरत राहिला. "काकी, एवढं मोठं झाड व्हतं म्हनता. एक मुळी तरी लागू नये?"

"तेवीस वर्षं पाण्याखाली. कुजून गेली असतील."

"आसंल," तो म्हणाला.

लतीफभाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि दोन्ही हात पुढे धरून ओठातल्या ओठात काही म्हटलं. हनुमंताने पांढऱ्या फडक्यात माती बांधली. निघताना त्याने खड्डा पुन्हा बुजवला. उघडा ठेवणं बरं दिसेना.

संध्याकाळी ते फडकं आक्कांच्या हातात दिलं. त्यांनी गाठ सोडली, मातीला नाक लावलं, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"जागा बराबर ना, रतन?"

"बरोबर, आक्का. मोजून."

"आली गं माजी बाय," त्या म्हणाल्या, आणि फडकं उशाखाली घेऊन झोपल्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला, आषाढातल्या अमावस्येच्या आदल्या दिवशी आक्का गेल्या. पाऊस धो धो. मी स्वतः त्यांच्या ओटीत ती माती घातली. एक-दोन बायका कुजबुजल्या, विधवेची ओटी कसली भरता म्हणून. हनुमंत त्यांच्याकडे नुसतं पाहत राहिला, तेव्हा त्या गप्प झाल्या. मातीसकट त्यांना नेलं.

तेराव्यानंतर मी नुजहतकडे गेले. सगळं झालं हे तिला सांगायचं होतं. ती मला आत घेऊन गेली.

"बाई, एक दाखवू? रागावू नका. आजींची आठवण म्हणून केलंय."

पडद्यावर आमची वाडी होती, आणि आता तिच्यात एक बाई होती. हिरवं लुगडं, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. नुजहतने तिला विहिरीवर उभं केलं होतं.

"नुसतं चालवलं तर खोटं दिसत होतं," नुजहत म्हणाली. "भरलेला हंडा डोक्यावर असल्यावर कुणी ढांगा टाकत नाही ना. म्हणून आमच्या दादीला, गुलजारबीला, हंडा देऊन गल्लीत चालायला लावलं. गुलजारबी म्हणाली, या वयात पाणी भरायला लावतेस, तुझं लग्न होणार नाही. मी टेप धरला. पाऊल दीड फुटाचं पडतं, बाई. जास्त टाकलं की पाणी हिंदकळतं. बघा."

तिने बटण दाबलं. बाई निघाली. मान ताठ, पावलं आखूड, एकामागून एक. मी नकळत मोजायला लागले. मोजत असताना मला अजून काही कळलं नव्हतं. शंभरला ती वाटेच्या मधे होती. एकशे वीस. एकशे तीस. एकशे चाळिसाव्या पावलाला मी म्हटलं, "थांबव."

बाई थांबली. तिच्यापुढे मोकळी जमीन होती. आमचं दार अजून सत्तर फूट लांब होतं.

विहिरीपासून दारापर्यंत, असं आक्कांनी सांगितलं होतं. दारापासून विहिरीपर्यंत असं नाही. जाताना त्या धावत जायच्या, तेव्हा कोण मोजतं? मोजायच्या त्या येताना. डोक्यावर दोन भांडी, आणि घरात दुखण्यातलं लेकरू. एकशे चाळीस गुणिले दीड, दोनशे दहा. ओढा नकाशात होता तिथेच होता. घर सत्तर फूट अलीकडे होतं. करंजही.

दोन फुटांचं पाऊल माझं होतं. रिकाम्या हाताने शाळेत जाणाऱ्या बाईचं. अठ्ठावीस वर्षं त्या घरात राहून मी भरला हंडा डोक्यावर किती वेळा घेतला, ते बोटांवर मोजता येईल. घेतला असता तर अंगणात टेप पसरताना माझ्या डोक्याला तरी आठवलं असतं. आक्कांनी विहीर लांब दिसते म्हणून सांगितलं, तेव्हा मी चेष्टा केली.

"बाई, काय झालं? चुकलं का काही?" नुजहत विचारत होती.

"तुझं नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी धरण भरून सांडव्यावरून वाहत असल्याची बातमी मोबाईलवर आली होती.

आता ज्याचं त्याचं काय झालं ते लिहिते.

आक्कांची राख नीरेत सोडली. परक्या मातीची मूठ त्यांच्याबरोबर गेली. वाडीतलीच माती ती, पण कुणाच्या परड्यातली, ते मला सांगता येत नाही. लोक म्हणतात बाई समाधानाने गेली. गेली, हे खरं आहे.

हनुमंताला मी वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळं सांगितलं. न सांगता मरायचं नव्हतं. त्याने विचारलं, "आईला कळलं व्हतं का?" मी म्हटलं, नाही. तो उठून गोठ्याच्या दाराशी गेला. मग म्हणाला, "मुळी लागली न्हाई, तवाच म्या इचारलं व्हतं तुमाला." तेव्हापासून त्याच्या घरून रोज सकाळी दूध येतं, सून आणून ठेवते. तो येत नाही.

लतीफभाईंनी टेम्पो विकला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. दुपारी स्टँडवर बसलेले दिसतात. त्यांना मी सांगितलेलं नाही. गुलजारबी आहे. नुजहतचं लग्न झालं, आणि गुलजारबी अजून सांगते की ते हंड्यामुळे लांबलं. नुजहत आता पुण्यात एका कंपनीत खेळच करते. भोरचं दुकान बंद झालं. जाताना तिने आमची वाडी एका पेनड्राइव्हवर घालून दिली आणि जुना लॅपटॉपही ठेवून गेली.

मी आहे. पंच्याहत्तरीला टेकले आहे. गेल्या नोव्हेंबरात यंत्राने पहिल्याच खेपेला माझा अंगठा घेतला. २०२५च्या उन्हाळ्यात पाणी उतरलं नाही. यंदाही उतरेल असं दिसत नाही, आणि उतरलं तरी त्या गाळात मला चालवणार नाही. पेनड्राइव्हवरच्या वाडीत ओढा मी परत त्याच्या जागी नेला. घर सत्तर फूट अलीकडे घेतलं. हे मला एकटीला जमलं, दोन दुपारी लागल्या. हिरव्या लुगड्यातली बाई आता एकशे चाळिसाव्या पावलाला दारात पोचते.

अंबू तिथेच आहे. देवळाच्या जोत्यापासून पूर्वेला एकशे शहाण्णव फूट, उत्तरेला तीनशे अठरा. जमिनीची उंची मात्र आता शून्य नाही. वर साडेतीन फूट गाळ आहे, आणि त्याच्यावर पाणी.